अप्पा मोटर चालू करायला जातात

आखाड लागला की आमच्या भागातली माणसं कॅलेंडरकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात. एरवी कॅलेंडर असतं ते गॅसची टाकी कधी लावली ते लिहायला आणि दुधाच्या खाड्यांच्या फुल्या मारायला. आखाडात मात्र त्यात एकच गोष्ट शोधली जाते, श्रावण कधी लागतो आणि त्याच्या आत खायचे वार किती उरले. सोमवार महादेवाचा, मंगळवार आईच्या देवीचा, गुरुवार दत्ताचा. शनिवारचं तर विचारूच नका. शनिशिंगणापूर आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, दर शनिवारी रस्त्यावर भाविकांच्या गाड्यांची रांग, अशात मटणाचं नाव काढायची छाती कुणाची आहे? त्यात मध्येच एखादी चतुर्थी, एखादी एकादशी. उरलेल्या दिवसांत आम्ही मांसाहारी. बाहेरच्या माणसाला हे सगळं गमतीचं वाटतं. मलाही पुष्कळदा वाटतं. पण त्या उरलेल्या दिवसांची आमच्याकडे ज्या असोशीने वाट बघतात, ती पाहिली की चेष्टा करवत नाही.

यंदाच्या आखाडात अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. मी शेवगावला असते, तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. ते आणि आई सोनईच्या अलीकडे आमच्या वस्तीवर.

"वैशे, रविवारी आखाड हाय. ये."

"येते."

"वांगी आनलीत."

वांगी माझ्यासाठी. गेली काही वर्षं मी मटण खात नाही. आखाडाच्या दिवशी अप्पा तीन दगडांच्या चुलीवर मटणाचं पातेलं चढवतात आणि शेजारच्या लहान चुलीवर माझ्या वांग्यांची कढई. दोन्ही स्वतः रांधतात. दोन्हींचे डाव वेगळे ठेवतात, एकाचा दुसऱ्यात जाऊ देत नाहीत. मी खायचं का सोडलं हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला दर वर्षी वाटतं.

फोन ठेवायच्या आधी ते म्हणाले, "ह्यो शेवटचा बोकड. गुडघं आता बास म्हनत्यात."

हे त्यांनी मोटरचं फ्यूज उडालंय इतक्या साध्या आवाजात सांगितलं. मी मात्र फोन हातात धरून बराच वेळ खिडकीशी उभी राहिले. समोरच्या मैदानात चिखल झाला होता आणि मुलं त्यात शाळेच्या बुटांनी क्रिकेट खेळत होती. अप्पांच्या हातचा शेवटचा आखाड, आणि मी आपली वांगी खाऊन परत येणार. हे मला गिळता येईना. पण नुसतं त्यांना बरं वाटावं म्हणून खायचं, तर मग इतकी वर्षं सोडलं होतं ते काय होतं?

आमच्या लहानपणीचा आखाड आठवला की आधी आठवतो तो ओला वारा. पाऊस आमच्याकडे या महिन्यातही हात आखडूनच पडतो, पण वारा मात्र दिवसभर सुटलेला. गुडघाभर बाजरी एका बाजूला झोपलेली. सगळ्या घराला ओल्या गोणपाटाचा वास. माश्या. आई चुलीपाशी बाजरी आणि डाळी भाजत बसलेली, कारण येसूर दळून आणायचा, आणि येसुराशिवाय रश्श्याला अंग येत नाही. भाजणीचा तो खमंग वास नाकात गेला की आम्हाला कळायचं, उद्या.

बोकड घरचाच असायचा. आदल्या दिवाळीच्या सुमाराला जन्मलेला. त्याला नाव ठेवायचं नाही हा घरचा नियम, आणि नियम मोडायची सवय आईची. ती त्याला "पावनं" म्हणायची. "पावनं, सरका तिकडं, दळन सांडाल." पाहुणा म्हटल्यावर तो जाणार हे आलंच, तेव्हा नियम अगदीच मोडत नव्हता. अप्पा त्याला शेवरीचा पाला स्वतः तोडून आणायचे. दुसऱ्या कुणी आणलेला जून पाला त्यांना चालत नसे. आखाडाच्या सकाळी पाणीही तेच पाजायचे, बादली हातात धरून, तो पुरे म्हणेपर्यंत.

मग रशीदचाचा यायचे. चाचा गावचे मुलाणी. आमच्याकडे घरोघरच्या बोकडावर सुरी मुलाण्यानेच चालवायची, देव कुणाचा का असेना. सायकलवरून यायचे, हँडलला कापडात गुंडाळलेल्या सुऱ्या. आल्यावर घोटभर चहा घ्यायचे, बशीत ओतून. आणि चाचांनी बशी खाली ठेवली की अप्पा उठायचे, टोपी डोक्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "मी जरा मोटर चालू करून येतो."

दर वर्षी. बाहेर झिमझिम चालू असो, ऊस घोट्याएवढ्या पाण्यात उभा असो, अप्पांना त्याच वेळी मोटर चालू करायची असायची. आई म्हणायची, "जावा, जाऊन या." चाचा मान डोलवायचे. कुणी हसायचं नाही. विहीर गोठ्याच्या मागे दोन शेतं ओलांडून, तिच्यावर मोटरची पत्र्याची खोली. अप्पा तिकडे जायचे, आणि सगळं आटपून चाचा हात धुवायला लागले की परत यायचे. मग बाह्या सरसावून चुलीचा ताबा घ्यायचे, आणि त्यानंतर दिवसभर त्यांच्याइतका आनंदी माणूस वस्तीवर नसायचा.

बारावीला मी गणितात गचकले. त्यामुळे त्या वर्षीचा आखाड माझा पुरवणी परीक्षेच्या अभ्यासात गेला. घराच्या स्लॅबवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसून मी गणितं सोडवत होते, म्हणजे वाऱ्याने उडणारी पानं धरत होते. तिथून विहीर दिसते. अप्पा नेहमीप्रमाणे निघाले, खोलीपाशी पोचले आणि दाराबाहेरच्या दगडावर बसले. आत गेलेच नाहीत. आमची मोटर जुनी, सुरू झाली की सगळ्या वस्तीला कळते. काहीच ऐकू आलं नाही. तेव्हा शेतीची लाईट रात्रीचीच यायची, त्या वेळी मोटर चालू व्हायचा प्रश्नच नव्हता, आणि हे अप्पांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ते नुसते बसून होते, मान थोडी कलती करून.

माझे अप्पा, ज्यांना बैल कधी बुजवू शकला नाही, जे सापाला काठीने उचलून बांधापलीकडे टाकायचे, ते एका बोकडाच्या पुढून पळून येऊन इथे लपून बसतात! मला त्यांची माया आली आणि थोडं हसूही. मी हे कुणाला सांगितलं नाही. पुढे कितीतरी वर्षं ती माझी आणि त्यांची, त्यांना ठाऊक नसलेली, खासगी गोष्ट होती.

मी मटण सोडलं त्यामागे काही मोठी कथा नाही. व्रत नाही, कुणा महाराजांचा उपदेश नाही. नोकरीला शेवगावात आले तेव्हा पहिल्यांदा विकतचं खायला लागले. दुकानात जायचं, तोंड दुसरीकडे करून उभं राहायचं, काळी पिशवी घ्यायची आणि घरी यायचं. पिशवी काळीच का, हे कुणाला विचारायची गरज नव्हती. मग एकदा पावसात स्कूटीवरून शाळेला जात असताना पुढे ब्रॉयलर कोंबड्यांची पिकअप गाडी होती. एका जाळीतून एक मान बाहेर आली होती, आणि ती चोच उघडून पावसाचे थेंब झेलत होती. पहिलाच पाऊस असावा तिचा, शेडमध्ये कुठला दिसणार? गाडी वळून दुकानापाशी थांबली आणि मी शाळेकडे गेले. त्या दिवसानंतर मला खाववेना. इतकंच. ब्रॉयलर सोडलं, आणि त्याबरोबर अप्पांचा बोकडही सुटला, कारण एवढा फरक करत बसायचा मला कंटाळा आला.

आई म्हणाली, "शिकल्याचं असं व्हतं व्हय?" शाळेतल्या देशपांडे मॅडम, ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सोवळं आणि शिक्षकी चालत आली, त्या स्टाफरूममध्ये बिर्याणीचा डबा उघडून मला म्हणाल्या, "अगं, तुमचंच पाहून आम्ही सुरू केलं, आणि तू सोडतेस?" आम्ही दोघी खूप हसलो. अप्पांनी दुसरी चूल मांडली.

शिक्षकाचा एक रोग असतो. स्वतःला न सुटलेला प्रश्न तो वर्गाला घालतो. गेल्या वर्षी आठवीला अन्नसाखळी शिकवताना मी मुलांना म्हटलं, पुस्तकातला नाकतोडा आणि बेडूक राहू दे. काल तुमच्या ताटात काय होतं, ते कुठून आलं, शोधा आणि उभं राहून सांगा. पुढचे काही दिवस वर्गात नुसता कल्ला. कुणाची मेथी शेजाऱ्याच्या बांधावरची निघाली, कुणाचे तांदूळ रेशनच्या दुकानाच्या मागे कुठे जातात तेच कळेना. अंडी, मासे, मटण, सगळं आलं. मुलं माझ्यापेक्षा धीट. शेवटी वर्गाने वाद घालून एक नियम केला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला, "जे होताना बघवतं तेच खावं." मला अभिमान वाटला. नियम खरं तर माझाच होता, मुलांच्या तोंडून आला एवढंच.

तेव्हा सानिका उभी राहिली. तिच्या वडिलांचं बसस्टँडमागे चिकनचं दुकान आहे. शाळा सुटली की ती तिथे बसते, गृहपाठ तिथेच करते.

"मॅडम, एक विचारू? ज्यांना बघवत नाही, पण खावंसं तर वाटतं, त्यांनी काय करायचं?"

वर्ग हसला. ती हसली नाही. "आमच्या दुकानात सगळी तशीच येतात. तोंड फिरवून उभी राहतात. पप्पा म्हणतात, त्यांनी नाही खाल्लं तर आपण काय खायचं?"

मला दगडावर बसलेले अप्पा दिसले. माझ्या फळ्यावरच्या नियमाप्रमाणे अप्पांनी आयुष्यात एकदाही मटण खायला नको होतं. आणि तरीही, खाल्लेल्या जनावराशी इतकं चांगलं वागलेला दुसरा माणूस मला ठाऊक नव्हता. मी सानिकाला म्हटलं, "उद्या बोलू." तो उद्या काही आला नाही, कारण मध्ये टीव्ही आला.

आमच्या मुख्याध्यापकांनी कुणाला तरी सांगितलं, त्याने कुणाला तरी, आणि एका वाहिनीची गाडी शाळेत आली. विषय होता, मुलांनी शोधलेलं ताट. वार्ताहर बाई तरुण होती, भराभर बोलणारी, वागायला मनमोकळी. तिने मुलांचं सगळं ऐकून घेतलं. सानिकाला तर प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लावला, वेगवेगळ्या बाजूंनी. मग मला म्हणाली, "मॅडम, एखादं असं घर हवं जिथे बोकड घरीच वाढतो." आखाड दोन दिवसांवर होता. मी आमच्या वस्तीचं नाव सांगितलं. आता अप्पांचं खरं उत्तर कॅमेऱ्यासमोर येईल, जे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही ते ही बाई विचारेल, अशी आशा मला लागली. खोटं कशाला बोलू, सगळी हाव तीच होती.

रविवारी ती मंडळी उशिरा आली. वाटेत शिंगणापुरात दारं नसलेल्या घरांचं शूटिंग करत बसली होती. आमच्याकडे पोचली तोवर चाचांचं काम उरकलं होतं, अप्पा विहिरीवरून परतले होते आणि ठेवणीतला पांढरा शर्ट घालून लिंबाखाली बसले होते. बाईने मला बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमचा भाकरी थापतानाचा एक शॉट घेऊ या का?" मी एम.एस्सी., बी.एड. माझ्या भाकऱ्यांना कधी गोल कडा आल्या नाहीत. पण कॅमेऱ्यापुढे माणसाला नाही म्हणता येत नाही, हा त्या यंत्राचा गुण आहे. मी परातीपुढे बसले.

आणि त्याच वेळी बाहेर लिंबाखाली तिने दुसऱ्या कॅमेऱ्यासमोर अप्पांना प्रश्न विचारला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसत होतं. ती विचारते आहे, अप्पा बोकडाच्या मोकळ्या दाव्याकडे बघताहेत. मग ते बोलायला लागले. एरवी दोन शब्दांत आटोपणारे अप्पा चांगलं लांबवर बोलत होते. मध्येच त्यांचा हात कानाशी गेला. मला वाटलं टोपी सारखी करताहेत. एक अक्षर ऐकू आलं नाही, कारण माझ्याजवळच्या कॅमेरावाल्याला भाकरी थापल्याचा आवाज जोरात हवा होता.

कार्यक्रम लागायचा त्या संध्याकाळी मी मुद्दाम वस्तीवर गेले. चाचा आले, शेजारची बायकामाणसं आली. अप्पा पुन्हा तो पांढरा शर्ट घालून बसले होते, जणू पडद्यातून त्यांनाही कुणी बघणार होतं. आईने तिची मालिका एका दिवसापुरती सोडली, आणि हा त्याग ज्याला कळतो त्यालाच कळतो.

आधी पडद्यावर तेलात काहीतरी चुरचुरलं. आमच्या घरात त्या दिवशी काहीच तळलं नव्हतं. मग ढोलकी. मग खाली पट्टी आली, "गावरान मटणाचा झणझणीत थाट!" माझी वाकडी भाकरी आली, शेजारणी हसल्या. शाळा आली आणि गेली. सानिका आली, तिचं तोंड उघडलं आणि त्यावर दुसऱ्याच बाईचा आवाज बोलायला लागला की आजची मुलं आहाराबाबत जागरूक आहेत. मग स्टुडिओत दोन माणसं भांडायला बसवली. एकाच्या मते मांस खाणारे सगळे राक्षस, दुसऱ्याच्या मते न खाणारे सगळे ढोंगी. दोघांनाही एकमेकांचं ऐकायला फुरसत नव्हती. आणि त्या दोघांच्या मधल्या चौकोनात अप्पा होते. लिंबाखाली बसलेले, बोलत असलेले. त्यांचं सगळं उत्तर तिथे चालू होतं, हात कानाशी जातानासुद्धा स्पष्ट दिसला, फक्त त्यांचा आवाज बंद केलेला होता. मी पडद्याजवळ सरकून त्यांच्या ओठांवरून शब्द ओळखायचा प्रयत्न केला. जमलं नाही. जाहिरात लागली.

मला रडूच आलं. आजवर टीव्हीने मला पुष्कळ वैताग दिलाय, पण असं काळजाला कधी लागलं नव्हतं. ज्या माणसाने सगळ्या आयुष्यात या विषयावर एकदाच तोंड उघडलं, त्याला लाखो लोकांनी पाहिलं आणि एकानेही ऐकलं नाही. अप्पा मात्र खूश दिसले. म्हणाले, "टोपी बरी दिसली." चाचा म्हणाले, "लई बेस्ट." आईने रिमोट घेतला.

अप्पांना मी तेव्हाच विचारू शकले असते, तुम्ही काय सांगितलंत? विचारलं नाही. मी खायचं सोडलेली. माझ्या तोंडून तो प्रश्न गेला की तो उलटतपासणीचा झाला असता. आमच्यासारख्या घरांत बापलेकीत काही गोष्टी वर्षानुवर्षं दोन चुलींवर वेगवेगळ्या शिजत राहतात. सानिकाही नववीत गेली. पॅसेजमध्ये भेटली की हसते. तिच्या हसण्यात मला दर वेळी तो उद्या दिसतो.

तर यंदाचा हा रविवार उजाडला. आभाळ भरलेलं, पाऊस नाही, तोच ओला वारा. बोकड तांबूस रंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका. "पावन्यानं यंदा माझं लई ऐकलं," आई म्हणाली आणि येसुराचा डबा पुसत राहिली. अप्पांनी बादली धरून पाणी पाजलं. वाकताना त्यांनी दुसरा हात गोठ्याच्या मेढीला लावला होता. चाचाही आता सायकलवर येत नाहीत, त्यांचा नातू मोटारसायकलवर सोडून जातो. पण चहा बशीतच. बशी खाली ठेवली. अप्पा उठले, टोपी घातली.

"मी जरा मोटर चालू करून येतो."

"मीपण येते," मी म्हटलं.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. आई म्हणाली, "जाऊ द्या की तिला. तुमच्या गुडघ्याला तेवढाच आधार."

बांधावरून चालताना चपलांना चिखल चिकटत होता. अप्पा दर थोड्या वेळाने थांबत होते आणि उसाकडे बघायच्या निमित्ताने दम घेत होते. खोलीपाशी आलो. ते त्यांच्या दगडावर बसले. दगड मधोमध गुळगुळीत झाला होता. मी दारात उभी राहिले. आत भिंतीवर स्टार्टरचा डबा, हिरवं बटण, लाल बटण. काहीतरी चेष्टा करावी, म्हणून मी आत जाऊन म्हटलं, "अप्पा, आलोच आहोत तर करू या का चालू?" आणि हिरवं बटण दाबलं.

मोटर धाडकन सुरू झाली. मी घाबरून मागे सरले. यंदा आमच्या भागाला दिवसाची लाईट मिळायला लागलीय, हे मला कुठलं ठाऊक! पत्रे थरथरायला लागले, पाइपातून पाणी उसळून पाटात आदळायला लागलं, नुसता धबधबा. मी हसत सुटले. बाहेर बघते तर अप्पा गुडघ्यांवर हात दाबून उठत होते, घाईघाईने, दुखणारे पाय ओढत. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

"बंद कर! वैशे, बंद कर आधी!"

"अहो, वाहू द्या की थोडं पाणी..."

"बंद कर म्हनतो ना! ऐकू येत न्हाई!"

त्यांनीच येऊन लाल बटण दाबलं. मोटर घरघरत थांबली. पाटातलं पाणी वाहून गेलं. आता नुसता वारा आणि उसाची पाती. अप्पा दाराची चौकट धरून उभे होते, घराकडे कान करून, हात कानामागे धरून. तोच हात, खिडकीतून दिसलेला, टीव्हीतल्या चौकोनात दिसलेला.

मग गोठ्याकडून तो आवाज आला. एकदाच. फार मोठा नाही. त्याच्या पाठोपाठ चाचांचं काहीतरी पुटपुटणं वाऱ्यावर आल्यासारखं वाटलं, आणि मग काही नाही.

अप्पांनी टोपी काढली, दगडावर बसून ती मांडीवर ठेवली. मी त्यांच्या पायाशी ओल्या मातीत बसले. साडीचा विचार मनात आला नाही.

"मला वाटायचं, तुम्हाला बघवत नाही म्हणून तुम्ही इथे येता," मी म्हटलं.

"बघवत न्हाईच. कदी बघवलं न्हाई." त्यांनी टोपीची घडी नीट केली. "पन ऐकू तर येतं. पळूनच जायचं असतं तर सोनईला गेलो असतो बाजाराला. त्यानं माझ्या हातचं पानी पिलं. त्याचं एवढं तरी ऐकाया नगं?"

मग ते आपणहून म्हणाले, "त्या टीव्हीवाल्या बाईला ह्येच सांगितलं हुतं. तिला काय उमगलं न्हाई वाटतं."

काळ्या पिशवीपुढे तोंड फिरवून उभी राहिलेली मी मला आठवले. तोंड फिरवता येतं, कान फिरवता येत नाहीत. पण दुकानात शेजारी मोबाईलवर गाणी चालू असत आणि मी ती मन लावून ऐकत असे. अप्पांनी खाणं बरोबर की चूक, हे मला सांगितलं नाही, आणि ते मला आजही कळलेलं नाही. सोमवारी पुन्हा मी डाळ-भातच खाणार आहे. पण नववीच्या वर्गात जाऊन सानिकाला बोलावून घेणार आहे, आणि या दगडाबद्दल सांगणार आहे. तिच्या पप्पांच्या गिऱ्हाइकांना त्याचा काही उपयोग होईल असं नाही. तिने विचारलं होतं, म्हणून सांगायचं.

दुपारी लिंबाखाली पंगत बसली. चाचा, शेजारपाजारची सगळी, आई, मी. अप्पांनी नेहमीप्रमाणे माझ्या ताटात आधी वांगी वाढली, दुसऱ्या डावाने. भाकरी ठेवली. पातेलं घेऊन ते पुढे निघाले तेव्हा मी ताटातली वाटी उचलून त्यांच्यापुढे धरली.

अप्पा थांबले. पातेल्यातून वाफ येत होती, येसुराचा तो जुना वास. त्यांनी वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पंगतीतलं बोलणं चालूच होतं, कुणाचं लक्ष नव्हतं.

"ऐकलंस ना नीट?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"ऐकलं."

"मंग घे," अप्पा म्हणाले, आणि वाटी भरली.